पास आहे का, पास?

"नागपुरात काही होतच नाही यार."

ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत मिहानमधल्या कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये जाऊन उभे राहा, दहा मिनिटांत हे वाक्य कानावर पडणार म्हणजे पडणार. बोलणारा बहुतेक वेळा पुण्यात नाहीतर बंगलोरला दोन-तीन वर्षं काढून आलेला असतो. तिकडे कसं, दर शनिवारी काही ना काही असायचं. आणि इकडे? फुटाळ्यावर जा, भुट्टा खा, घरी या.

तर मंडळी, आजचा विकेंडचा लेख या वाक्याच्या विरोधात आहे. हे वाक्य खोटं आहे. नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं (दिवसभराच्या स्टेटस मीटिंगमध्ये आपण काय कमी ऐकतो?), पण हे खोटं नुकसान करणारं आहे, आणि ते सगळ्यात जास्त बोलतो कोण, तर आपण. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणारे, वीकेंडला मोकळे असणारे, खिशात बरे पैसे असणारे आपण.

आधी नागपुरात काय काय होतं ते बघू.

पाऊस सरत येतो तेव्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी, पिवळी, आणि त्यांच्या मागे बडगे. वर्षभरात ज्याने ज्याने लोकांना छळलं त्या सगळ्यांची टिंगल त्या बडग्यांवर लिहिलेली असते. महागाई, खड्डे, पुढारी, परदेशातले पुढारी, कोणालाच सोडत नाहीत. १८८० च्या दशकापासून चालत आलेला हा आपला स्टँडअप. माइक नाही, ड्रिंक नाही, आणि कोणाच्या भावना दुखावल्या म्हणून कोणी मिरवणूक थांबवत नाही. मग दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र आणि रस्त्यारस्त्यावर भीमगीतं. कोजागिरीला दुधासोबत गाण्याच्या मैफली. दिवाळीत पहाटे पहाटे मोहल्ल्यामोहल्ल्यात दिवाळी पहाट. त्यानंतर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, म्हणजे ओळीने कितीतरी संध्याकाळ रोज एक नवं नाटक. शिवाय मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं येतात. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरता सुरू झाल्यापासून तर नाटकाच्या बसला सबब सांगायलाही जागा उरलेली नाही. स्टँडअपवाले येतात. आणि २०१७ पासून खासदार सांस्कृतिक महोत्सव आहेच, देशातले मोठमोठे कलावंत, आणि प्रवेश फुकट.

जागाही आहेत. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह. लक्ष्मीनगरला सायंटिफिक. रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह, ज्याचं उद्घाटन सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झालं आणि ज्यात सुमारे दोन हजार माणसं बसतात.

म्हणजे सर्व्हर चालू आहे, कनेक्शन चालू आहे, पेज लोड होतंय. मग तक्रार कसली?

तक्रार अशी आहे की या शहरात कार्यक्रमाची बातमी सांगितली की समोरून पहिला प्रश्न "कोणतं नाटक?" हा येत नाही. "कोणाचं गाणं?" हाही येत नाही. पहिला प्रश्न येतो, "पास आहे का बे?"

हा प्रश्न विचारणारा गरीब नसतो हो. त्याच्याच फोनवर मल्टिप्लेक्सचं तिकीट असतं. मधल्या सुट्टीत साडेतीनशेचे पॉपकॉर्न त्याने निमूटपणे घेतलेले असतात. दिल्लीहून आलेल्या स्टँडअपवाल्याला तो सातशे रुपये देतो आणि वर स्टोरी टाकतो. पण आपल्याच शहरातल्या पोट्ट्यांनी दोन महिने तालमी करून बसवलेल्या नाटकाचं दीडशेचं तिकीट म्हटलं की लगेच, "अरे तू तर आपला माणूस ना, दोन पास ठेव काउंटरवर." आपला माणूस म्हणून फुकट. म्हणजे परक्याला पैसे द्यायचे आणि आपल्याला बुडवायचं. व्वा, काय प्रेम!

थोडं गणित करू. आकडे समजायला घेतलेले आहेत, पण हिशेब याच जातीचा असतो. समजा एका हौशी संस्थेला एका प्रयोगाचा खर्च येतो ४०,००० रुपये. सभागृहाचं भाडं, लाइट, साउंड, सेट, कपडे, टेम्पो, चहा. कलाकारांचं मानधन शून्य. तीनशे माणसं आली. त्यातले दोनशे पासवर, शंभर जणांनी १५० रुपये दिले. जमा १५,०००, खड्डा २५,०००. आता तेच तीनशे, तेच नाटक, पण सगळ्यांनी तिकीट काढलं. जमा ४५,०००. खड्डा गायब, वर पाच हजार शिल्लक, आणि पुढच्या महिन्यात दुसरा प्रयोग लावायची हिंमत. प्रेक्षक एकही वाढलेला नाही, नाटकाचा एक शब्द बदललेला नाही. फरक फक्त पासचा.

दुसरा प्रयोग हा मुद्दा साधा नाही. मुंबईचं नाटक आपल्याकडे येईपर्यंत त्याचे पन्नास-शंभर प्रयोग झालेले असतात. कुठे हशा येतो, कुठे लोक खोकायला लागतात, कुठला प्रवेश पाच मिनिटं कापायचा, हे सगळं तोवर दुरुस्त झालेलं असतं. आपल्या स्पर्धेतल्या बहुतेक नाटकांचा पहिला प्रयोग हाच शेवटचा. म्हणजे आपण बीटा व्हर्जन बघतो, "लोकल नाटकं बोअर असतात" म्हणतो आणि घरी जातो. अरे बाबा, पुढचं व्हर्जन निघू तर दे! आणि बग कोण सांगतो? पैसे मोजलेला माणूस सांगतो. त्याचे दीडशे गेलेले असतात, तो बाहेर येऊन दिग्दर्शकाला गाठतो, "दुसरा अंक लय लांबला बरं का." फुकट आलेला माणूस अंधारात मोबाईल बघतो आणि मध्यंतरातच पार्किंगकडे सुटतो. त्याचं काही गेलेलंच नसतं.

आता एका तिकिटाची किंमत काय असते ते सांगतो. साठच्या दशकात नागपुरातला एक तरुण सिनेमाला गेला. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही, म्हणून नाइलाजाने नाटकाला जाऊन बसला. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो', दिग्दर्शन विजया मेहतांचं. तो इतका हलून गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाटक बघायला गेला आणि ठरवलं की आपण नाटकं लिहायची. त्या तरुणाचं नाव महेश एलकुंचवार. पुढे 'वाडा चिरेबंदी' लिहिणारे. विदर्भातला एक पडका वाडा त्यांनी जगाच्या रंगभूमीवर नेला. आता विचार करा, बाहेरगावच्या कंपनीने "नागपुरात कोणी तिकीट काढत नाही, कशाला जायचं" म्हणून त्या वर्षी दौराच रद्द केला असता तर?

आणि ज्यांना इथे पोटापुरता प्रेक्षक मिळत नाही ते जातात. पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर आपले, 'रंजन कला मंदिर' त्यांनी नागपुरात उभी केली. त्यांचं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये रंगमंचावर आलं ते मुंबईच्या नाट्यसंपदेकडून. त्यातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे, जन्म मूर्तिजापूरचा, गाण्याचे पहिले धडे नागपुरात. आज त्यांच्या नावाचं सभागृह आपल्याकडे आहे, आणि त्याच्या दारात उभे राहून आपण पास मागतो. भारत गणेशपुरे अमरावतीचे. आपली वऱ्हाडी बोली ते मुंबईच्या स्टुडिओतून टीव्हीवर बोलायला लागले तेव्हा आपल्याला कळलं की अरे, आपली भाषा विनोदी वगैरे आहे की! तोवर ती फक्त 'गावठी' होती.

"नागपूरचा प्रेक्षकच तसा, विदर्भात तिकिटाची सवयच नाही," असं म्हणणारे लोक आहेत. त्यांना हात धरून वडसा दाखवायला न्यायला पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. इथून साधारण दीडशे किलोमीटर. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, धान कापून झाला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मंडई भरते, शंकरपट होतात आणि झाडीपट्टीचा नाटकाचा हंगाम सुरू होतो. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने थाटलेली असतात, बाहेर भडक पोस्टरं, आत गावोगावच्या मंडळांची माणसं तारखा बुक करायला बसलेली. रात्री दहाच्या सुमारास नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत. गाणी रंगमंचावरच गायली जातात, संगीत तिथेच वाजतं, आणि प्रॉम्प्टर स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून संवाद पुरवतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि हे सगळं चालतं कशावर? तिकिटावर. धानाच्या पैशातून काढलेल्या तिकिटावर. थंडीत ब्लँकेट घेऊन, पोराबाळांसह, शेजारच्या गावाहून आलेला शेतकरी खिडकीवर नोट ठेवतो आणि आत जातो. पाहुण्याला नाटक दाखवायचं तर तिकीट यजमान काढतो. तिथे नट हंगामभर घर चालवतो. आणि आपण? महिन्याला त्याच्या कितीतरी पट कमावणारे, पास आहे का पास?

हीच गोष्ट दीक्षाभूमीवर दिसते. शेकडो किलोमीटर रेल्वेने, बसने, मिळेल तसे आलेले लोक परत जाताना पिशवी भरून पुस्तकं विकत नेतात. फुकट मागत नाहीत. तेव्हा पैसे नसणं हे कारण कृपया कोणी सांगू नये.

आता एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे घ्यायला हवा. काही जण म्हणतील, फुकट कार्यक्रमात वाईट काय? रिक्षावाल्याला, भाजीवालीला मोठा गायक समोर बसून ऐकता येतो, ते बंद करायचं का? मुळीच नाही. मैदानावर हजारो लोकांसाठी कोणी खर्च करत असेल तर ज्यांना एरवी तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी ते चांगलंच आहे. माझं भांडण त्या महोत्सवाशी नाही. माझं भांडण त्या मैदानावर सगळ्यात पुढच्या सोफ्यावर बसायला व्हीआयपी पास शोधणाऱ्याशी आहे, जो मग उरलेल्या वर्षात सगळीकडे तोच हिशेब लावतो. मोठ्या माणसाच्या किंवा स्पॉन्सरच्या पैशावर महोत्सव होतो, पण रंगभूमी जगत नाही. मराठी नाटकाला हे जन्मापासून माहीत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला नाटक केलं ते पटवर्धन राजांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये राजे गेले आणि आश्रय संपला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. त्या वेळच्या लोकांनी "पास आहे का?" म्हणून विचारलं असतं तर मराठी नाटकाचा इतिहास दहा वर्षांतच आटोपला असता.

आयोजकांनाही दोन शब्द. तुम्हीच पास वाटून वाटून लोकांना बिघडवलंत. हॉल भरलेला दिसावा, फोटो बरा यावा म्हणून नगरसेवकाला वीस, डॉक्टरला दहा, सोसायटीला पन्नास. आणि पुढच्या तीन रांगा पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे येतात सव्वा तासाने, सत्कार होतात, दीपप्रज्वलन होतं, आणि पैसे देऊन आलेला बिचारा अकराव्या रांगेतून शालींचा गठ्ठा बघत बसतो. त्याने पुढच्या वेळी का यावं? तिकीट लावा, वेळेवर सुरू करा, सत्कार नको. विद्यार्थ्यांना निम्मं तिकीट ठेवा, पण ठेवा. आणि पन्नास ठिकाणी फोन करून तिकीट घ्यावं लागू नये, एवढी सोय फोनवर करा. त्यात काही अडलं तर या शहरात प्रोग्रामरांचा तुटवडा नाही. :-)

आणि आपल्यासाठी, म्हणजे कँटीनमधल्या आपल्या जमातीसाठी, सरळ हिशेब. या हंगामात तीन तिकिटं. एक स्पर्धेतल्या नाटकाचं, जिथे तिकीट इतकं नाममात्र असतं की बाहेरचे तर्री पोहे जास्त पडतील. एक इथल्याच गायकाच्या नाहीतर इथल्याच कॉमेडियनच्या कार्यक्रमाचं. आणि एक वडशाच्या बाजूचं, रात्रभराचं, गाडी काढून चौघांनी मिळून. तिन्हींचा मिळून खर्च एका वीकेंडच्या जेवणाएवढा होणार नाही. नाटक वाईट निघालं तर बाहेर येऊन खुशाल शिव्या घाला, पैसे दिलेत, हक्क आहे तुमचा.

नागपूरला येत्या दहा वर्षांत आणखी दोन-चार सभागृहं मिळतील, मेट्रोही आणखी लांब जाईल. ते सरकार करेल, महापालिका करेल. पण खिडकीपुढच्या रांगेत उभं राहणं हे काम कोणतंही सरकार आपल्यासाठी करणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल राजेहो.

असो. या शनिवारच्या प्रयोगाला कोण कोण येतंय ते सांगा. तिकीट ज्याचं त्याने काढायचं. आणि हो, माझ्याकडे पास नाही.