डॉर्नियरचे अपघात आणि बंद कपाटे

कानपुरात बांधले जाणारे डॉर्नियर २२८ हे छोटे विमान गोमंतकाच्या आकाशाला अपरिचित नाही. २४ मार्च २०१५ रोजी नौदलाचे असेच विमान गोव्याच्या समुद्रात कोसळून दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. जूनमध्ये तामिळनाडूच्या समुद्रात तटरक्षक दलाचे तिघे गेले.

नेपाळातही ही विमाने पडली. २०१० साली जनित्र निकामी झाले आणि खराब हवेत १४ जण ठार झाले. २०१२ साली काठमांडूत उड्डाण होताच वेग घटून १९ बळी गेले. ही कारणे जगाला कळली, कारण तेथील चौकशी आयोगांचे अहवाल प्रसिद्ध झाले. आमच्याकडे सैनिकी चौकशीचे निष्कर्ष सहसा कपाटातच राहतात. संरक्षणाची गुपिते अवश्य जपावीत. पण बिघडलेले यंत्र, अपुरी देखभाल वा चुकलेला निर्णय ही गुपिते नव्हेत. अपघाताची कारणे शासनाने जनतेपुढे ठेवलीच पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.