'स्ट्राँग बन' म्हणणं सोपं आहे!

रिझल्ट लागला की नोटीस बोर्डासमोर दोन गट पडतात. एक फोटो काढणारा, दुसरा गुपचूप सटकणारा. सेकंड इयरला मी दुसऱ्या गटात होते. एका विषयात केटी लागली आणि यादीतलं माझं नाव अख्ख्या वर्गानं वाचलं. पुढे आठवडाभर सल्ला एकच, 'मनाला लावून घेऊ नको, स्ट्राँग बन.' कसं बनायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

'आजची मुलं नाजूक झालीत,' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण दोष खरंच फक्त मुलांच्या मनाचा आहे का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक १,७६४ महाराष्ट्रातले होते. इतक्या घरांमधलं दुःख एका 'नाजूक' शब्दात कसं बसवणार?

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल महत्त्वाचा ठरतो. न्यायालयानं शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास आणि हॉस्टेलसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील, तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून वेगळ्या बॅचेस पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं शक्यतो टाळायचं. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. थोडक्यात, 'मुलांनो, खंबीर व्हा' एवढं सांगून संस्थांना हात झटकता येणार नाहीत.

खरं तर खंबीरपणा कसा तयार होतो, याचं उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे: एटीकेटी! एखाद्या विषयात अडकलो तरी पुढच्या वर्गात जाता येतं, वर्ष वाया जात नाही. दहावी-बारावीची पुरवणी परीक्षाही तेच करते. 'पडलास, पण रस्ता बंद नाही,' असं नियमच सांगतो. माझा आत्मविश्वास भाषणं ऐकून नाही, तो पेपर दुसऱ्यांदा देऊन सुटल्यावर परत आला.

अर्थात, कागदावर समुपदेशक नेमला म्हणजे काम झालं असं नाही. त्याची केबिन प्रिन्सिपलच्या ऑफिसला लागून असेल, बोललेलं घरी कळण्याची भीती असेल, तर तिथे जाणार कोण? मुलांचा विश्वास बसला नाही, तर ती नेमणूक फक्त तपासणीपुरती उरेल.

म्हणून उद्या कॉलेजला गेलात की एवढंच विचारा, 'आपले समुपदेशक कोण? ते कुठे आणि कधी भेटतात?' उत्तर मिळालं नाही, तर लेखी अर्ज द्या. आणि आज, आत्ताच कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. मोफत, २४ तास आणि मराठीतही.

कट्ट्यावरचा एखादा मित्र हल्ली गप्प गप्प असेल, तर त्याला 'स्ट्राँग बन' म्हणू नका. 'चल, चहा घेऊ' म्हणा. आणि मग ऐका.