स्वस्त ताट, महाग पिशवी

पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त सिंगापूरला जाऊन राहणाऱ्या कुटुंबाचा पहिला महिना बहुधा हिशेब चुकण्यात जातो. घरी रांधलेले अन्न स्वस्त आणि बाहेरचे खाणे म्हणजे चैन, हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला ठोकताळा तेथे उलटा पडतो. घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये चार ते सहा सिंगापूर डॉलरमध्ये गरम, ताजे आणि पोटभर जेवण मिळते. त्याच माणसाने तूरडाळ, आंबेमोहोर, कढीपत्ता, कोथिंबीर, पनीर आणि चार भाज्या आणून घरी स्वयंपाक करायचे ठरवले, तर एकट्या-दुकट्याला तो सौदा सहसा परवडत नाही. ‘मर्सर’ या संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत परदेशस्थ कर्मचाऱ्यांसाठी जगातील सर्वांत महाग शहरांच्या यादीत सिंगापूर हाँगकाँगपाठोपाठ दुसऱ्या स्थानी होते. अशा शहरात जेवणाचे ताट इतके स्वस्त आणि बाजाराची पिशवी इतकी महाग का, या प्रश्नाच्या उत्तरात त्या देशाचे धोरण दडले आहे. आणि त्याचे एक टोक थेट नाशिकच्या कांद्यापर्यंत येऊन पोहोचते.

पदपथावरून छपराखाली

हॉकर सेंटर ही निव्वळ बाजाराची निर्मिती नव्हे. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या सिंगापूरच्या रस्त्यांवर तेव्हा फेरीवाल्यांची दाटी होती. सांडपाणी, उंदीर आणि रोगराई या त्यांच्याबद्दलच्या तक्रारी मुंबईकराला अपरिचित वाटू नयेत. १९६८-६९ मध्ये सरकारने सुमारे १८ हजार फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना पाणी, वीज व गटारांची सोय असलेल्या केंद्रांत हलवले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे तेथे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. भारतात फेरीवाल्यांच्या उपजीविकेचा कायदा २०१४ मध्ये झाला. पण मुंबईतील फेरीवाल्यांची पात्रता आणि त्यांच्या जागा यांचा वाद त्यानंतर दशकभर न्यायालयांत रेंगाळत राहिला, ही तुलना येथे टाळता येत नाही.

नवख्या माणसाला या केंद्रांचे अलिखित नियम शिकावे लागतात. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट दिसले, तर ती जागा राखलेली आहे असे समजायचे. जेवण झाल्यावर ताट उचलून ठरल्या जागी ठेवायचे. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ते न करणाऱ्यास आधी समज आणि पुन्हा चुकल्यास दंड होऊ शकतो. ताटे परत ठेवण्याच्या जागाही हलाल आणि इतर अशा वेगळ्या असतात. चिनी, मलय आणि तमिळ अशा तीन मोठ्या समाजांनी एकाच छपराखाली, आपापले विधिनिषेध सांभाळत, एका टेबलावर जेवावे यासाठी केलेली ही व्यवस्था आहे.

शाकाहारी मराठी माणसाची परीक्षा मात्र जरा कठीण असते. भारतात वेष्टनावर हिरवा ठिपका सक्तीचा असल्याने त्याला मजकूर वाचण्याची सवय नसते. सिंगापुरात तशी सक्ती नाही. भाजीच्या रश्श्यात माशांचा सॉस, बिस्किटात चरबी, दह्यात जिलेटिन असू शकते आणि ते ज्याचे त्याने बारीक अक्षरांतून शोधायचे असते. दुसरीकडे, बौद्ध परंपरेतील चिनी शाकाहारी गाळ्यांवर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना तो अनपेक्षित आधार वाटतो.

छापील दर आणि प्रत्यक्ष बिल

हॉकर सेंटरमधून उपाहारगृहात पाऊल टाकले की गणित बदलते. तेथील खाद्यपत्रिकेत किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे छापलेली असतात. पहिले दहा टक्के सेवा शुल्काचे आणि दुसरे वस्तू व सेवा कराचे, म्हणजेच जीएसटीचे. हा कर सेवा शुल्कासह होणाऱ्या रकमेवर लागतो. त्यामुळे शंभर डॉलरचे जेवण ११० वर आणि मग नऊ टक्के करासह ११९ डॉलर ९० सेंटवर जाते. टीप देण्याची प्रथा तेथे सहसा नाही, हाच काय तो दिलासा. १९९४ मध्ये तीन टक्क्यांनी सुरू झालेला हा कर २००७ मध्ये सात, २०२३ मध्ये आठ आणि १ जानेवारी २०२४ पासून नऊ टक्के झाला. भारतात धान्य, ताजी भाजी, दूध अशा अनेक जिनसांना सूट असते. सिंगापुरात मात्र डाळ, तांदूळ आणि भाजी यांवरही तोच नऊ टक्के कर आहे. ज्या छोट्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरपेक्षा कमी आहे, त्याला या कराची नोंदणी सक्तीची नाही. हॉकर सेंटरमधील बहुतेक गाळ्यांच्या दरात हा कर वेगळा दिसत नाही, त्याचे कारण हेच. ताट स्वस्त आणि पिशवी महाग असण्याचे एक रहस्य येथे उलगडते.

करवाढीची झळ कमी करण्यासाठी सिंगापूर सरकार नागरिकांच्या कुटुंबांना खरेदीची कुपने देते. २०२५ च्या अर्थसंकल्पात प्रत्येक पात्र कुटुंबासाठी ८०० डॉलरची कुपने जाहीर झाली. ती हॉकर सेंटरमध्ये, छोट्या दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये चालतात. घरातील एकही व्यक्ती नागरिक नसेल, तर ही कुपने मिळत नाहीत. रांगेत पुढे उभा असलेला शेजारी कुपनाने पैसे चुकते करतो आणि परदेशस्थ खिशातून. मलेशियातील जोहोर बारूला जाऊन आठवड्याचा बाजार करण्याचा मार्ग अनेक जण अवलंबतात. परंतु परतताना प्रवाशाला आणलेल्या मालावर मिळणारी करसवलतही नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्यांना लागू नाही. यात अन्याय आहे असे म्हणता येणार नाही. कोणतेही सरकार आधी आपल्या नागरिकांचा विचार करणार. पण परदेशातील पगाराचा आकडा ऐकून निघणाऱ्याने हा फरक आधी हिशेबात धरलेला बरा.

स्वस्ताईचा भार कोणावर

ताट स्वस्त आहे म्हणजे त्याची किंमत कोणी चुकवत नाही, असे नाही. पदपथावरून हलवलेल्या पहिल्या पिढीतील विक्रेत्यांना गाळे सवलतीच्या भाड्याने मिळाले. नव्याने येणाऱ्यांना मात्र निविदा भरावी लागते आणि चांगल्या जागेसाठी चढाओढ होते. २०२४ मध्ये एका गाळ्यासाठी महिना दहा हजार डॉलरहून अधिक भाड्याची बोली लागली, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. काही नव्या केंद्रांत ठरावीक पदार्थ अल्प किमतीतच विकण्याची अपेक्षा असते. कच्चा माल, वीज आणि मजुरी वाढते. पण नूडल्सच्या वाटीमागे पन्नास सेंट वाढले तरी गिऱ्हाईक कुरकुरते. विक्रेत्यांचे मध्यम वय साठच्या घरात आहे आणि पहाटे चारला उठून चुलीपुढे उभे राहण्यास पुढची पिढी फारशी राजी नाही. जागतिक वारसा म्हणून गौरवलेली संस्कृती टिकवायची तर ताटाची किंमत वाढू द्यावी लागेल, आणि ती वाढली तर या संस्कृतीचा मूळ हेतूच हरवेल, असा हा पेच आहे.

या स्वस्त ताटापासूनही दूर असलेला आणखी एक परदेशस्थ आहे. बांधकामावर आणि जहाजबांधणीच्या गोद्यांत राबणारे तमिळ आणि बांगलादेशी मजूर बहुतांशी कंत्राटी खाणावळीच्या डब्यावर जगतात. तो डबा रात्री उशिरा रांधला जातो, पहाटे पोहोचतो आणि सिंगापूरच्या दमट उष्म्यात दुपारी उघडला जातो. रविवारी ‘लिटल इंडिया’त टेक्का बाजाराजवळ त्यांची गर्दी होते, ती केवळ मित्रांच्या भेटीसाठी नसते; आठवड्यातले एक गरम जेवण हाही त्यामागचा मोठा हेतू असतो. परदेशातील खाण्याच्या अनुभवांबद्दल वाचायला मिळते ते बहुधा अभियंते आणि बँक अधिकाऱ्यांकडून. हा डबा त्या वर्णनांत क्वचितच येतो.

दिल्लीचा निर्णय, सिंगापूरची पिशवी

पिशवी महाग असण्याचे मूळ कारण भूगोलात आहे. साठ लाखांहून अधिक लोकवस्तीचे हे बेट नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न आयात करते आणि शेतीसाठी त्याच्याकडे एक टक्क्याहूनही कमी जमीन आहे. २०३० पर्यंत पोषणाच्या गरजेपैकी तीस टक्के अन्न स्वतः पिकवण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये जाहीर झाले होते. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजूला ठेवून भाज्या, अंडी आणि मासे यांच्यापुरती २०३५ ची मर्यादित लक्ष्ये ठरवण्यात आली. त्यामुळे इतर देशांच्या राजधान्यांत घेतलेले निर्णय काही दिवसांतच सिंगापूरच्या फळीवर उमटतात. १ जून २०२२ रोजी मलेशियाने कोंबडीची निर्यात थांबवली, तेव्हा तेथे कोंबडीच्या पुरवठ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग मलेशियातून येत होता. ‘चिकन राईस’ हे ज्या देशाचे लाडके जेवण, त्याला हा धक्का मोठा होता. ती बंदी पूर्ण उठायला ऑक्टोबर उजाडला.

भारताने २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा मराठी घरांना याची झळ विशेष जाणवली. बासमती मिळत होता. पण कोलम, आंबेमोहोर आणि इंद्रायणी हे सारे बिगर-बासमतीच. आदल्या वर्षी सिंगापूरच्या एकूण तांदूळ आयातीपैकी सुमारे चाळीस टक्के तांदूळ भारताचा होता. आयातदारांनी मासिक आयातीच्या दुप्पट साठा ठेवावा, असा त्या देशाचा जुना नियम असल्याने टंचाई ओढवली नाही. ऑगस्टअखेर भारताने दोन्ही देशांच्या निकट संबंधांचा दाखला देत सिंगापूरला अपवाद म्हणून तांदूळ देण्याचे ठरवले. सर्वांसाठीची बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

कांद्याची कथा महाराष्ट्राला अधिक जवळची. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून संपूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य आणि शुल्कासह खुली वाट, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क रद्द, असा हा प्रवास झाला. लासलगावच्या आवारात भाव कोसळले म्हणून शेतकरी रस्त्यावर आला. त्याच दिवसांत परदेशातील मराठी गृहिणीला गावाकडचा लाल कांदा मिळेना. एकाच गोणीची दोन्ही टोके तोट्यात गेली. देशातील ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हा बंदीचा हेतू गैर नव्हता. परंतु एकदा दुसऱ्या देशाच्या कांद्याकडे वळलेला आयातदार बंदी उठताच लगेच परततो असे नाही. त्याला भावाइतकीच खात्री हवी असते.

खात्रीचा हाच निकष दर्जालाही लागू होतो. एप्रिल २०२४ मध्ये सिंगापूरच्या अन्न नियामकाने भारतात तयार झालेल्या मासळीच्या आमटीच्या एका मसाल्यात इथिलीन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने तो परत मागवण्याचा आदेश दिला. आईच्या हातच्या चवीशी नाते सांगणारे पाकीट फळीवरून उतरले, तेव्हा परदेशस्थांपैकी अनेकांनी पहिल्यांदाच त्यावरची बारीक अक्षरे वाचली असतील.

सिंगापूरने आपल्या नागरिकाच्या ताटाची काळजी घेतली आणि तिचा भार बऱ्याच अंशी वयोवृद्ध विक्रेत्यावर टाकला. त्या भाराचे काय करायचे, हे त्या देशाला लवकरच ठरवावे लागेल. भारतापुढचा प्रश्न वेगळा आहे. परदेशांत पसरलेला मराठी आणि भारतीय समाज हा आपल्या शेतमालाचा सर्वांत निष्ठावान ग्राहक आहे. चवीखातर तो चार पैसे जास्त मोजायला तयार असतो. त्याला निर्यातीचे धोरण निदान एका हंगामापुरते तरी स्थिर हवे आणि पाकिटातल्या मालाची शुद्धता हवी. या दोन गोष्टी देता आल्या, तर लाभ सिंगापूरच्या स्वयंपाकघराइतकाच निफाडच्या शेतालाही होईल. तोवर टेक्का बाजारातली मराठी गृहिणी दुसऱ्या देशाचा कांदा हातात घेऊन, त्याला फोडणीत तीच चव येईल का, असा विचार करत उभी राहील.