विश्लेषण : चिकटलेले तारे एक कधी होतात? २०२२ चे भाकीत का फसले?

हंस तारकासमूहातील दोन तारे २०२२ च्या सुमारास एक होतील आणि नुसत्या डोळ्यांना दिसेल असा लाल नवतारा उजळेल, हे भाकीत २०१७ मध्ये जगभर गाजले. प्रत्यक्षात तसे घडले नाही. तारे एक होतात हे मात्र खरे आहे. मग चुकले कुठे?

संपर्क जोडतारे म्हणजे काय?
परस्परांभोवती फिरणारे दोन तारे इतके जवळ असतात की त्यांचे बाहेरचे थर एकमेकांत मिसळतात. गाभे दोन, वायूचे आवरण एकच. त्यामुळे एक तारा बराच जड असला तरी दोघांचे पृष्ठतापमान जवळपास सारखे असते.

पुणतांब्यातून दिसतात का?
सप्तर्षी तारकासमूहातील ‘डब्ल्यू अर्से मेजोरिस’ ही या प्रकारची ठळक जोडी. तिची फेरी आठ तासांची. दर चार तासांनी एक तारा दुसऱ्याच्या आड येतो आणि प्रकाश जवळपास निम्मा होतो. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण मार्च-एप्रिलच्या रात्री गोदाकाठच्या पुणतांब्यातून, अंधाऱ्या जागी उत्तरेकडे दुर्बीण रोखल्यास हा बदल टिपता येतो.

ते एक का होतात?
ताऱ्यांतून वाहणारा वायू चुंबकीय क्षेत्राच्या आधारे फिरण्याचा जोर, म्हणजे कोनीय संवेग, सोबत नेतो. हलक्या ताऱ्याचे द्रव्यही जड ताऱ्याकडे जात राहते. हलका तारा फारच लहान उरला की कक्षा अस्थिर होते आणि तो जड ताऱ्यात विलीन होतो.

पुरावा काय?
वृश्चिक तारकासमूहातील ‘व्ही १३०९ स्कॉर्पी’ २००८ मध्ये अचानक उजळला. पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासल्या. तेथे आधी सुमारे १.४ दिवसांत फेरी घेणारी जोडी होती आणि तिचा फेरीकाळ सतत घटत होता. उद्रेकानंतर जोडीच्या खुणा उरल्या नाहीत.

मग भाकीत का फसले?
‘केआयसी ९८३२२२७’ या जोडीचाही फेरीकाळ घटताना दिसत होता. मात्र १९९९ च्या निरीक्षणांतील एक ग्रहणवेळ २००४ च्या शोधनिबंधात १२ तासांनी चुकीची छापली गेली होती. फेरी सुमारे ११ तासांची असल्याने ही चूक तासाभराच्या फरकासारखी दिसली आणि गणित बिघडले. २००३ च्या वेगळ्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर २०१८ मध्ये ती उघड झाली. भाकीत करणाऱ्या गटानेही ती मान्य केली.

पद्धत खोटी ठरली नाही, नोंद खोटी होती. पुढचे विलीनीकरण आधी ओळखायचे, तर ग्रहणाच्या वेळा वर्षानुवर्षे अचूक टिपाव्या लागतील.