चामड्याला कंट्रोल झेड नसतं!

माझ्या हॉबीजचं स्मशान आमच्या माळ्यावर आहे. तीनच तारा उरलेली गिटार, एका ट्रेकनंतर निवृत्त झालेले शूज, पॉटरीच्या क्लासमधून आणलेला वाकडा मग (त्यात सध्या टूथब्रशही उभा राहत नाही). नेहमीच्या वाचकांना ही यादी तोंडपाठ असणार, कारण यातल्या प्रत्येकावर मी याच पानावर एकेक कॉलम पाडलाय.

तर आता लेटेस्ट प्रकरण: लेदरक्राफ्ट.

झालं असं, की एका मैत्रिणीनं मला वांद्र्याच्या एका वर्कशॉपला ओढत नेलं. चार तास, साडेतीन हजार रुपये, फिल्टर कॉफी फ्री. मंद जॅझ, लाकडी टेबलं, चामड्याचा तो जुन्या पुस्तकांसारखा वास. चार तासांनी मी एक कीचेन घेऊन बाहेर पडले आणि थेट हवेत. स्वतःच्या हातांनी काहीतरी ‘खरं’ बनवलं होतं बॉस! आमचा सगळा धंदा स्क्रीनवरचा. लिहिलं, खोडलं, पाठवलं, संपलं. त्यामुळे खिशात ठेवता येणाऱ्या वस्तूची नशा सॉलिडच असते.

घरी येऊन टूलकिट मागवलं आणि बेत ठरवला. महिनाअखेरीस बाबा रिटायर होणार होते. पस्तीस वर्षांची सरकारी नोकरी. त्यांना मी माझ्या हातानं शिवलेलं पाकीट देणार!

किटचा खोका उघडला तेव्हा आजी जपमाळ घेऊन शेजारी बसली होती. तिनं चामडं पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, “एवढं शिकून सवरून हे काम? आणि तेही घरात?”

मी डोळे फिरवले. लगेच ग्रुपवर मेसेज टाकला, ‘आजी इज सो नाइन्टीन फिफ्टी.’ आठ हसऱ्या चेहऱ्यांचा रिप्लाय आला. हा सीन लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिला लोच्या

एटीएम कार्ड असो, पॅन कार्ड असो, जगभर त्यांचं माप एकच असतं: ८५.६ मिलिमीटर बाय ५४. हे मी शोधून काढलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन कार्डाचा कप्पा कापला ८८ मिलिमीटर रुंद. मग दोन्ही कडांपासून चार-चार मिलिमीटर आत शिलाई घातली. शिलाईही साधीसुधी नाही, सॅडल स्टिच! यात दोरा एक आणि सुया दोन. प्रत्येक भोकातून एक सुई या बाजूनं आणि दुसरी त्या बाजूनं. मशीनची शिलाई एका ठिकाणी तुटली की उसवत जाते. ही मात्र एकीकडचा दोरा तुटला तरी दुसऱ्या दोऱ्यावर टिकून राहते.

दोन संध्याकाळी शिवत होते. शेवटची गाठ मारली, ऐटीत कार्ड आत सरकवलं आणि... ते सरकलंच नाही. ८८ वजा ८ म्हणजे ८०. दहावीला गणितात ८४ मार्क होते हो मला!

ठीक आहे, उसवू, असं म्हणत शिलाई काढली. आणि तेव्हा चामड्याचा पहिला नियम कळला. स्वेटर उसवला तर लोकर परत मिळते. कापडातली सुईची भोकं धुतल्यावर मिटतात. चामड्यात आरीनं तंतूच तुटलेले असतात, त्यामुळे एकदा पडलेलं भोक आयुष्यभर तिथंच. इथं कंट्रोल झेड नाही. त्यात माझ्या लिंबू सरबताच्या ग्लासखालचं पाणी पाकिटावर पडलं आणि बरोबर मधोमध काळपट गोल उमटला.

एकूण काय, प्रोजेक्ट टोटल फ्लॉप. बाबांच्या रिटायरमेंटला उरले तेवीस दिवस.

स्टेशनबाहेरचे सर

आमच्या स्टेशनबाहेर पुलाखाली एक गटई स्टॉल आहे. तिथल्या काकांना मी सहा वर्षं ‘ओळखते’. म्हणजे नोकरी करत होते तेव्हा आठ बावन्नच्या आधी पाच मिनिटांत सँडलचा तुटलेला पट्टा जोडून देणारे काका, एवढीच ओळख. त्या शनिवारी त्यांच्यापुढे पाकीट ठेवलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “शिलाई कुणाची?”

“माझी.”

“बरी आहे. माप कुणाचं?”

“तेही माझंच.”

“हां,” एवढंच म्हणाले. मग स्पंज ओला करून त्यांनी तो डाग पडलेला तुकडा सगळाच्या सगळा, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा भिजवला. मी ओरडलेच. ते म्हणाले, “एका जागचा डाग दिसतो. सगळंच भिजलं तर एक रंग होतो.” सावलीत वाळल्यावर खरंच तो गोल जेमतेम दिसत होता. मग रापी घेतली, भोकांची दोन्हीकडची ओळ सरळ कापून टाकली आणि उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. “यात कार्ड जात नाही ना? मग याला कार्डाचा कप्पा म्हणू नका. किल्ल्या ठेवा.”

चूक झाली की वस्तू लहान करायची, हा त्यांचा फंडा. पाकिटाचं किल्ल्यांचं कव्हर होतं, कव्हराची पट्टी होते, पट्टीचा कीचेन होतो. त्यांच्या टपात पडलेल्या कातरणांकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यात फेकायचं असं काहीच नव्हतं.

मग मी दर शनिवारी जायला लागले. रापी ढकलायची नाही, टेकवून फिरवायची. आरी सरळ धरली नाही तर समोरून रांगेत दिसणारी भोकं मागून नाचतात. दोरा शिलाईच्या चौपट घ्यायचा आणि त्याला मेण लावायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी पुठ्ठा, मग चामडं. त्यांच्याकडची सगळी मापं जुन्या लग्नपत्रिकांवर कापलेली. एका चपलेच्या पट्ट्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’ अजून वाचता येतं.

काका मूळचे मिरजेकडचे. वडील कोल्हापुरी चपला करायचे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, खिळा नाही, शिवायची ती चामड्याच्याच वादीनं. २०१९ मध्ये या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी जीआय मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं तशाच चपला आणल्या, मूळचं नाव न घेता, आणि इकडे गदारोळ झाल्यावर भारतीय चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. मी काकांना फोनवर तो फोटो दाखवला आणि किंमत लाखाच्या पुढे असल्याच्या बातम्या सांगितल्या. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “आणि पावसाळ्यात?”

दुसरा लोच्या

तिसऱ्या शनिवारी माझी एक संपूर्ण ओळ सरळ आली. सलग बावीस टाके! मी जाम खुशीत होते. त्याच भरात बोलून गेले, “काका, इतकं भारी स्किल आहे तुमच्याकडे. तुमच्या मुलाला का नाही शिकवलं? मला तर हे किती रिलॅक्सिंग वाटतं!”

काकांनी दोऱ्याला मेण लावणं थांबवलं नाही.

“तो बँकेत आहे,” ते म्हणाले. “त्यानं हे शिकू नये म्हणून तर मी इथं बसलो.” थोड्या वेळानं, वर न बघता, “तुम्ही हे सोडलं, की सुटतं. आमचं सोडलं तरी चिकटून राहतं.”

पुलावरून लोकल गेली. मी खाली बघून शिवत राहिले आणि पुढचे चार टाके वाकडे आले.

असं नाही, की मला माहीत नव्हतं. मास कॉमला ‘जात आणि माध्यमं’ असा अख्खा पेपर होता. चामडं कमावणं आणि शिवणं हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जन्मानं वाटून दिलं गेलं, ज्यांनी ते केलं त्यांच्याच हातचं पाणी वर्ज्य ठरलं, आणि त्यांच्या कामाचं नाव शिवीसारखं वापरलं गेलं, यावर मी बारा मार्कांचं उत्तर लिहिलंय. नऊ मिळाले होते. पण तेच उत्तर समोर बसून दोऱ्याला मेण लावत असेल तेव्हा ‘रिलॅक्सिंग’ म्हणायचं नसतं, हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

घरी येताना आजीवर केलेला तो जोक आठवला. आजीला हे काम हलकं वाटलं होतं आणि मला क्यूट वाटलं होतं. करणारा माणूस दोघींनाही दिसला नव्हता. हा साक्षात्कार मी ग्रुपवर टाकला नाही.

आता काय करायचं? सॉरी म्हणणं सोपं होतं. पण त्या सॉरीनंतर ‘असू द्या, असू द्या’ म्हणून मला मोकळं करायचं काम परत काकांनाच करावं लागलं असतं. मग मी एक हिशोब केला. वांद्र्याला साडेतीन हजारांत चार तास, म्हणजे तासाला आठशे पंचाहत्तर. इथं तीन शनिवार मिळून सहा तास शिकले आणि त्याबदल्यात दिले काय, तर तीन कटिंग चहा. तोही एकदा काकांनीच पाजलेला.

पुढच्या शनिवारी पाकिटात पैसे घालून त्यांच्यापुढे ठेवले.

“हे काय, आहेर?”

मी हिशोब सांगितला. वांद्र्याचा रेट ऐकून ते मोठ्यानं हसले. मग गंभीर झाले, स्टॉलवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, “तासाला पाचशे. सव्वादहा ते सव्वाबारा, मध्ये गिऱ्हाईक आलं तर थांबायचं. चहा तुमचा.” त्या रेटनं मागच्या सहा तासांचे तीन हजार मोजून घेतले आणि वरचे परत दिले.

भोक बुजलं असं मी म्हणणार नाही. ते बोलणं होऊन गेलंय आणि आम्हा दोघांनाही आठवतंय. पण आता मी त्यांना ‘सर’ म्हणते (त्यांना ते आवडत नाही), आणि वाकडा टाका आला की ते मला तो सरळ उसवायला लावतात. आधी ‘चालतंय की’ म्हणायचे.

तिसरा लोच्या

पाकीट झालं. कप्पा ९८ मिलिमीटरचा, कार्ड लोण्यासारखं आत. आतल्या बाजूला चार भोकं जास्तीची आहेत, तिथं एक छोटी पट्टी शिवलीय. डिझाइन म्हणून खपते.

आजीनं ते हातात घेतलं. घेतलं, हेच पुष्कळ. टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “कोणी शिकवलं?” मी सांगितलं. नाव, आडनाव, स्टॉल कुठं आहे, सगळं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझ्या चष्म्याचं घर उसवलंय. नीट करून देतील का विचार.”

बाबांनी मात्र काही न बोलता जुन्या पाकिटातला ऐवज नव्या पाकिटात हलवायला घेतला. कार्डं बसली. पाचशेच्या नोटा बसल्या. त्या ६६ मिलिमीटर उंचीच्या, मी मापच त्यांचं घेतलं होतं. शेवटी त्यांनी जुन्या पाकिटाच्या चोरकप्प्यातून एक घडी न पडलेली, जुन्या निळसर रंगाची शंभराची नोट काढली. कॉलेजात असताना माझा पहिला लेख छापून आला, त्याच्या मानधनातली मी त्यांना दिलेली. ती अजून तिथंच होती, हे मला माहीत नव्हतं.

जुनी शंभराची नोट ७३ मिलिमीटर उंच असते. पाकिटातून ती चक्क वर डोकावत होती.

“मी दुसरं शिवते,” मी म्हणाले.

“राहू दे गं,” बाबा म्हणाले आणि पाकीट खिशात टाकलं. “निदान आत पैसे आहेत हे तरी लोकांना दिसेल.”

तुम्हालाही करून बघायचंय?

• सुरुवात व्हेजिटेबल टॅन्ड चामड्यानं करा. झाडाच्या सालीनं कमावलेलं हे चामडं कडक असतं, आकार धरतं आणि त्याची कड घासून चकचकीत करता येते. मऊ क्रोम टॅन्ड चामडं पाण्याला जास्त दाद देत नाही, पण त्याची कड अशी घासून चमकत नाही.

• पाकिटाला साधारण एक मिलिमीटर जाडी पुरते, पट्ट्याला तीन ते चार लागते. मुंबईकरांनो, धारावीतल्या दुकानांत चक्कर मारा आणि आधी कातरणं मागा. पहिल्या दहा चुकांसाठी ती बेस्ट.

• ओल्या व्हेज टॅन्ड चामड्यावर लोखंडी हत्यार ठेवू नका. चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो, आणि तो भिजवूनही जात नाही.

• सोल्यूशन सांडलं तर लगेच पुसू नका, पसरतं. वाळू द्या, मग बोटानं चोळा, गोळ्या होऊन निघतं.

• वाकडी कापलेली कड पॉलिश पेपरनं घासा. अर्धा मिलिमीटर वाकडेपणा सहज निघतो.

• कार्डाच्या मापात शिलाईची जागा धरा. दोन्ही बाजूंची. प्लीज.

• आणि जवळच्या गटई स्टॉलवर शिकायला गेलात, तर आधी फी विचारा.