दरबानाला हाकलू नका, यादी वाचा

इंटरनेट चालेना की पहिला सल्ला मिळतो, "फायरवॉल बंद करून बघा." सल्ला चुकीचा नाही. पण बंद केल्यावर पान उघडलं की लोक तिथेच थांबतात, हे मला पटत नाही.

२००३ सालची गोष्ट. बी.एड. करून मी नुकताच शाळेत लागलो होतो. संगणक खोलीत डायल-अप मोडेमवर चालणारं एकच लिनक्स मशीन. शनिवारी आम्ही फायरवॉलचे नियम लिहिले, सगळं सुरळीत चाललं. सोमवारी मोडेमची नेहमीची किरकिर झाली, नंबर लागला, पण एक पान उघडेल तर शपथ! फोनचं बिल मात्र चढत होतं. सहकारी म्हणाले, "सर, काढून टाका ते नियम. कशाला डोकेदुखी?"

काढले. पान उघडलं. म्हणजे दोष लाइनचा नव्हता, आमच्याच नियमांत होता.

नियम पुन्हा लावले आणि आयपीटेबल्सची यादी आकड्यांसकट काढली. कोणत्या नियमाला किती पॅकेट्स लागू पडली, ते त्यात दिसतं. बाहेरून येणारी उत्तरं आत घेणाऱ्या नियमासमोर शून्य. अडवलेल्यांचा आकडा मात्र वाढतोय. नीट पाहिलं तर त्या नियमात शनिवारचा आयपी पत्ता लिहिलेला! डायल-अपवर बहुधा दर कॉलला नवा पत्ता मिळतो. दरबान इमानदार होता. त्याच्या हातातली यादीच शिळी होती.

पत्ता काढला, त्या जागी मोडेमचं दार, म्हणजे 'पीपीपी-शून्य' लिहिलं. आपण सुरू केलेल्या संभाषणाची उत्तरं आत येऊ लागली, बाकी सगळं बंदच राहिलं.

"आपल्या छोट्या शाळेत कोण शिरणार?" असंही कुणी म्हणालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर वर्म पसरला. त्याचा रोख विंडोजवर होता, आमच्या लिनक्सवर नव्हता. पण तो एकामागून एक पत्ते चाचपत जायचा. दार शाळेचं की बँकेचं, हे असले पाहुणे विचारत नाहीत.

मुलाचं गणित चुकलं तर आम्ही वही फाडत नाही, कोणती पायरी चुकली ते शोधतो. इथेही तेच. फायरवॉल घटकाभर जरूर बंद करून बघा. पण ती पुन्हा चालू करून यादी वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.