काटा आता आपलाही तपासला जाईल



काटा म्हणजे काय, हे शिरोळ तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ऊस तुटायचा, गाडी कारखान्यावर जायची, तिथल्या काट्यावर जो आकडा पडेल तो निमूटपणे घेऊन घरी यायचे, ही रीत मोडायला आपण निघालो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदांतून वर्षानुवर्षे मागितले काय? वजन आमच्या डोळ्यांदेखत करा, उतारा कसा काढला ते दाखवा, पैसे मुदतीत द्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज असे लिहिले आहे, ते आपण पाठ केले. आपले म्हणणे सरळ होते. माल तुमच्या ताब्यात गेला, आता तुमच्यावर विश्वास का ठेवायचा, याचा पुरावा तुम्ही द्या.

आज हाच प्रश्न आपल्याला विचारला जात आहे.

तालुक्यातील तरुण मुले, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या गूळ, काकवी, खपली गहू, घाण्याचे तेल इंटरनेटवर दुकान मांडून विकू पाहत आहेत. याचे स्वागतच केले पाहिजे. १९९१ च्या नोव्हेंबरात शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. माजघर शेती आणि व्यापार शेती ही त्यातलीच दोन अंगे. पिकवणाऱ्याने विकायलाही शिकावे, हे त्यातले सांगणे. पण विकायला बसलो की आपली जागा बदलते. ठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावरची गृहिणी आपल्या गुळाचा फक्त फोटो पाहते. तिला ढेप फोडून पाहता येत नाही, जिभेवर ठेवता येत नाही. पैसे तिचे आधी जातात, माल आपला नंतर जातो. म्हणजे काट्यावर ऊस सोडून आलेल्या शेतकऱ्याच्या जागी आता ती आहे, आणि काट्याच्या खोलीत आपण आहोत.

अशा वेळी आपली मुले काय करतात? वेबसाइट बनवणाऱ्याकडे जातात. तो हिरवेगार शिवार, बैलजोडी, हसणारा आजोबा असे फोटो लावून देतो. वर कुलपाचे चिन्ह दाखवतो आणि सांगतो, झाले तुमचे दुकान विश्वासार्ह. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की ग्राहकाने भरलेली माहिती वाटेत दुसऱ्याला वाचता येत नाही. गुळात साखर मिसळली आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही ते कुलूप फुकट मिळते.

विश्वास बसतो तो पडताळून पाहता येईल अशा गोष्टींनी. त्या फार नाहीत.

पहिली गोष्ट नाव आणि पत्ता. दुकानाच्या पानावर माल कोणाचा, कोणत्या गावचा, फोन कोण उचलणार, हे स्पष्ट लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी हे बंधनकारकच केले आहे. बंद पाकिटातील मालाचे निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता हे पाकिटावर लागते. यातला मुख्य तपशील २०१८ पासून इंटरनेटवरच्या पानावरही दाखवावा लागतो. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक तिथेच छापा. ज्याला नाव लपवायचे आहे त्याने दुकान मांडू नये.

दुसरी गोष्ट माल जसा आहे तसा दाखवणे. गुळाचेच घ्या. बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून गुऱ्हाळावर हायड्रॉस पावडर पडते. रंग उजळतो, पण तो टिकाऊ नसतो. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. गुळात सल्फर डायऑक्साइडची कायदेशीर मर्यादा दशलक्षात ७० भाग आहे. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला, पावडर न घातलेला गूळ तांबूस-तपकिरी दिसणारच. तो तसाच दाखवा आणि का तसा आहे ते दोन ओळींत सांगा. पावसाळ्यात गूळ पाघळतो, हेही आधीच लिहा. फोटोत पिवळा आणि पाकिटात तपकिरी निघाला, तर ग्राहक आपल्याला लबाड समजेल, आणि त्यात तिची चूक नसेल. ‘सेंद्रिय’ हा शब्दही प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय वापरू नका. ‘रासायनिक खत कमी वापरले’ हे खरे असेल तर तेवढेच लिहा.

तिसरी गोष्ट तक्रार. नियम सांगतो, तक्रार आल्याची पोच ४८ तासांत द्या आणि एका महिन्यात निकाल लावा. खराब, किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे पुण्याची तक्रार पुण्यात चालेल आणि तारखेला शिरोळहून आपण जाऊ. ‘आम्ही गरीब शेतकरी, सांभाळून घ्या’ हे उत्तर तिथे चालणार नाही, आणि चालू नयेही. कारखान्याने हेच उत्तर दिले असते तर आपण ऐकले असते का?

चौथी गोष्ट खोटी घाई आणि खोटी स्तुती. ‘फक्त दोनच ढेपा शिल्लक’ असे गोदाम भरलेले असताना लिहायचे, पाहुण्यांकडून पाच-पाच तारे देऊन घ्यायचे, शेवटच्या पानावर गुपचूप पॅकिंगचा खर्च वाढवायचा, या युक्त्या मोठ्या कंपन्यांच्या. केंद्र सरकारने २०२३ साली खोटी घाई आणि लपवलेला खर्च यांसह अशा १३ फसव्या तऱ्हांवर बंदी घातली. आपण त्यांची नक्कल करायला निघालो नव्हतो.

यावर कुणी म्हणेल, मी प्रामाणिक आहे, दुसऱ्याचे मला काय? त्याने शेजारच्या मिरज-तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना विचारावे. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडला आणि युरोपात भारतीय द्राक्षे अडली. ज्याने ते फवारले नव्हते त्याच्याही मालाकडे तिथला खरेदीदार संशयाने पाहू लागला. आंब्याचेही तसेच. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपू लागला, तेव्हा देवगड तालुक्याच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर आणला. फळ कोणत्या बागायतदाराचे हे ग्राहकाला मोबाइलवरून पडताळता यावे, हा हेतू. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही ओरड थांबलेली नाही. मानांकनाचा कागद कपाटात ठेवून गूळ ओळखू येत नाही. उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली आणि ढेपेवर गुऱ्हाळाचे नाव व तारीख टाकली, तरच त्या नावाला किंमत.

आपल्या तालुक्याची आणखी एक अडचण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेने काय केले ते सर्वांनी भोगले. पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला, तिथे पार्सल कुठून जाणार? अशा आपत्तीतला उशीर नियमही समजून घेतो. ग्राहक समजून घेईल, पण आपण आधी कळवले तर. पाणी चढू लागले की दुकानाच्या पानावर तसे लिहा, नवीन मागणी थांबवा, पैसे परत हवे असतील त्याला परत करा. फोन बंद करून बसणारा दुकानदार पुरात वाहून गेला की पळून गेला, हे ठाण्यात कळत नाही.

भावांनो, यात पणाला काय लागले आहे ते ओळखा. शहरातला ग्राहक चार वेळा फसला तर तो इंटरनेट सोडणार नाही, शेतकऱ्याला सोडेल. तो मोठ्या कंपनीच्या छापाचा गूळ घेईल, आणि ती कंपनी आपल्याकडून तिच्या भावाने ढेपा उचलेल. काटाही पुन्हा तिचाच असेल. दलालाला आपण हटवतो की परत बोलावतो, हे आपल्या पाकिटातल्या वजनावर ठरणार आहे.

म्हणून येत्या बैठकीपुढे एक सूचना ठेवत आहोत. तालुक्यातील जे गट आणि कंपन्या अशी दुकाने चालवतात त्यांनी एकत्र बसावे. महिन्यातून एकदा एकमेकांची पाकिटे उघडून वजन करावे, गुळाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, आणि निकाल बरा असो वा वाईट, दुकानाच्या पानावर लावावा. किती तक्रारी आल्या, किती सोडवल्या, हेही लिहावे. कारखान्याकडे जे उघड करण्याची मागणी केली ते आधी आपण उघड करू. मग उद्या कारखान्याच्या काट्यापुढे उभे राहताना आपला आवाज अधिक खणखणीत लागेल.